फर्ग्युसन टीईए-२० : रेडिएटरचं पाणी कुठे जातंय?

४ ऑगस्ट २०२४, सांवेर रोड, इंदूर

काकांचा ट्रॅक्टर आज शेडवर आला. फर्ग्युसन टीईए-२०, राखाडी रंगाचा, स्टँडर्ड कंपनीचं ८५ मिलिमीटर बोअरचं चार सिलिंडरी पेट्रोल इंजिन. ही टीई-२० मालिका कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात १९४६ ते १९५६ या काळात बनली, पाच लाखांहून जास्त नग. काकांच्या वडिलांनी तो सांवेरजवळच्या शेतासाठी घेतला होता. आता शेतात नवा ट्रॅक्टर आहे, पण दसऱ्याला पूजा याचीच होते आणि त्या दिवशी तो स्वतःच्या चाकांवर दारात यावा एवढीच काकांची इच्छा.

इंजिन दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या ठिकाणी पूर्ण बांधून घेतलं होतं. नवे लायनर, पिस्टन, रिंगा, गॅस्केटचा सेट, हेडला फेसिंग. तेव्हापासून रेडिएटरचं पाणी कमी होतं. बघणारा प्रत्येक जण ‘हेड गॅस्केट गेलं’ म्हणतो, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं पाणी अडवणारं पॅकिंग. काकांनी मात्र सहज एक गोष्ट सांगितली, ती इथे ठळक लिहून ठेवतो: “चालवताना एवढं जात नाही रे. रात्री उभा केला की सकाळी लोटाभर घालावं लागतं.”

हेड गॅस्केटमधून सिलिंडरमध्ये गळती असेल तर पाणी मुख्यतः इंजिन चालताना उडतं, सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते. उभ्या, थंड इंजिनातून रात्री पाणी जातंय म्हटल्यावर माझा संशय खाली गेला. हे इंजिन वेट लायनरचं आहे. सिलिंडरच्या नळ्या थेट पाण्यात उभ्या असतात आणि प्रत्येक लायनर तळाशी ब्लॉकच्या एका कंगोऱ्यावर टेकतो. कंगोरा आणि लायनर यांच्यामध्ये इंग्रजी आठच्या आकाराचं पातळ वॉशर असतं, एक पुढच्या जोडीला, एक मागच्या जोडीला. या आठाच्या वर पाणी, खाली सम्पमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं, तेल. तिथे पाझर असेल तर पाणी सरळ तेलात उतरतं आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही.

पण संशय म्हणजे पुरावा नाही. पाण्याला जायला तीनच वाटा आहेत: बाहेर, सिलिंडरमध्ये किंवा तेलात. प्रत्येक वाट वेगळी तपासायची आणि ती पूर्ण होईपर्यंत हेडच्या नटाला पाना लावायचा नाही. एकदा हेड उचललं की गॅस्केटवरचा दाब जातो, लायनर सैल होतात आणि गळती नेमकी कुठे होती ते सांगणारी परिस्थितीच उरत नाही.

रेडिएटर रिकामा केला तर खालच्या टाकीतून पिवळा गाळ निघाला. हळद! रस्त्यात रेडिएटर फुटला तर हळद टाकून घर गाठणं ही आपल्याकडची जुनी युक्ती आहे आणि घरापर्यंत ती चालतेही. नव्या बांधलेल्या इंजिनात मात्र ती घालू नये. गळती तात्पुरती झाकते आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या कायमच्या बुजवते. उलटं पाणी मारून सगळं साफ केलं. मग नर्मदेचं साधं पाणी मोजून भरलं, नऊ लिटरच्या आसपास बसलं. मानेत पातळीची खूण केली.

७ ऑगस्ट

आधी तेल. ट्रॅक्टर हलवला नव्हता, त्यामुळे सम्पमध्ये जे काही होतं ते स्थिरावलं होतं. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं. ड्रेन प्लग अगदी हळू सैल केला, पूर्ण काढला नाही. काचेच्या बरणीत आधी स्वच्छ पाणी आलं, दोन-तीन चमचे, आणि मागून काळं तेल.

खात्रीसाठी तेलाचा थेंब तापलेल्या तव्यावर टाकला. तडतडला. पाणी नसलेलं तेल नुसतं पसरतं आणि धुरकटतं.

टॅपेट कव्हरच्या, म्हणजे हेडवरच्या झाकणाच्या, आतही पांढरट साय होती, पण तिला मी पुरावा मानत नाही. पावसाळ्यात, दमट हवेत, इंजिन थोडा वेळ चालवून बंद केलं की अशी साय निरोगी इंजिनातही धरते. सम्पच्या तळाशी मोकळं पाणी सापडणं ही वेगळी गोष्ट आहे. तेवढं पाणी हवेतून येत नाही.

म्हणजे तेलाची वाट उघडी आहे हे नक्की. तीच एक आहे का, हे अजून कळायचं आहे.

११ ऑगस्ट

बाहेरची वाट. एका जुन्या झाकणाला ट्यूबचा वॉल्व्ह आणि लहान प्रेशर गेज बसवून घेतलं. सायकलच्या पंपाने थंड इंजिनात ५ पीएसआयपर्यंत (पौंड प्रति चौरस इंच) दाब दिला, त्यापुढे नाही. हा रेडिएटर जुना, पितळी आणि झाळलेल्या सांध्यांचा आहे. आजच्या गाड्यांचा १५ पीएसआयचा हिशेब त्याला लावला तर गळती शोधता शोधता नवी तयार होईल.

दाब दिल्यावर टॉर्च घेऊन सगळीकडे फिरलो. होज, क्लिपा, ब्लॉकचा ड्रेन कॉक, पाण्याच्या पंपाखालचं थेंब-भोक, सगळं कोरडं. मग ब्लॉकच्या अंगावरच्या एका कोअर प्लगच्या कडेला ओल दिसली. कोअर प्लग म्हणजे ओतकामाच्या वेळी राहिलेल्या भोकांवर ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या टिकल्या. बोटाने पुसलं, पुन्हा आली.

इथे कारण समजून घेण्यासारखं आहे. माळव्यात बोअरचं पाणी जड. काळ्या बेसॉल्टातून येतं आणि वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये घातलं की ब्लॉकच्या आत खाराचा थर चढतो. इंजिन बांधताना तो खार ॲसिडने काढतात आणि ते योग्यच आहे. पण गंजून पातळ झालेली टिकली त्याच थराच्या आधाराने पाणी अडवत असते. खार गेला की ती पाझरते. म्हणून ब्लॉक साफ केला की कोअर प्लग बदलायचेच, ते चांगले दिसत असले तरी. इथे बदललेले नव्हते.

१४ ऑगस्ट

सगळे कोअर प्लग काढले. दोन तर स्क्रूड्रायव्हरच्या टोकानेच आत गेले. नवे सियागंजमधून आणले. भोकाची कडा पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत साफ केली, पातळ सीलिंग कंपाउंड लावलं, फुगीर बाजू बाहेर ठेवून प्लग बसवला आणि मधोमध एक नेमका ठोका दिला. फुगवटा सपाट होताना प्लगचा घेर वाढतो आणि तो भोकात आवळला जातो. जास्त ठोकलं तर प्लग आत दबतो आणि पकड जाते.

पुन्हा ५ पीएसआय. बाहेर सगळं कोरडं, तरी काटा २० मिनिटांत साडेतीनवर आला.

बाहेरची गळती खरी होती, पण ती एकटी नव्हती. बांधलेल्या इंजिनात हे पुष्कळदा होतं. एक सापडली की माणूस समाधान मानतो आणि दुसरी तिच्या आड राहून जाते. प्रत्येक दुरुस्तीनंतर तीच चाचणी पुन्हा करायची ती याचसाठी.

१८ ऑगस्ट

आज सिलिंडरची वाट. हेड गॅस्केटवर सगळ्यांचा आरोप असल्यामुळे ही चाचणी घाई न करता केली.

आधी स्पार्क प्लग काढून ओळीने मांडले. चारही सारख्याच तपकिरी रंगाचे. सिलिंडरमध्ये पाणी येत असेल तर त्या प्लगचं टोक वाफेने धुतल्यासारखं स्वच्छ निघतं. तसा एकही नव्हता.

मग चुन्याची निवळी. पानाचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवला आणि वरचं नितळ पाणी बाटलीत काढलं. कार्बन डायऑक्साइड त्यातून गेला की निवळी दुधाळ होते, हा शाळेतला प्रयोग. पेट्रोल इंजिनाच्या धुरात हा वायू दहा टक्क्यांहून जास्त असतो, रेडिएटरच्या पाण्यावरच्या हवेत जवळपास नसतो. निवळी ताजी आहे ना हे पाहायला आधी नळीने स्वतःचा श्वास तिच्यात फुंकला, पांढरी झाली. ती फेकून नवी घेतली.

फॅन बेल्ट काढला म्हणजे पंप थांबतो आणि पाणी घुसळलं जात नाही. रेडिएटर मानेपर्यंत भरला, मानेवर उलटं फनेल, फनेलला नळी, नळी बाटलीत. इंजिन सुरू केलं, दीड-दोन मिनिटं, मधेच रेस वाढवून. बेल्टशिवाय याहून जास्त चालवू नये. सुरुवातीला अडकलेल्या हवेचे थोडे बुडबुडे आले आणि थांबले. निवळी नितळच. पडताळा म्हणून तीच नळी सायलेन्सरच्या तोंडाशी धरली, बाटली क्षणात दुधाळ.

भाच्याला हे पाहायला बोलावलं होतं. तो अकरावीत आहे, आणि त्याने विचारलं, “मामा, लोड आल्यावरच गॅस्केट गळत असेल तर?” प्रश्न बरोबर आहे. म्हणून दुसरी चाचणी केली: हँडल फिरवून एकेक पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणला, ट्रॅक्टर गिअरमध्ये घालून ब्रेक दाबून धरला आणि स्पार्क प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची ७० पीएसआय हवा दिली. १-३-४-२ या फायरिंग क्रमाने चारही सिलिंडर. रेडिएटरमध्ये एकही बुडबुडा नाही.

एक शक्यता उरली होती. पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उभ्या दांड्यांच्या) भोकांजवळ गॅस्केट गळत असेल तर पाणी सिलिंडरला न शिवता वरूनच तेलात जाईल. टॅपेट कव्हर काढून, पाण्यावर दाब ठेवून, पुशरॉडच्या बोगद्यांत टॉर्च मारला. तेलकट, पण पाण्याचा ओघळ कुठेच नाही.

हेड गॅस्केट निर्दोष. आता खाली.

२५ ऑगस्ट

सम्प उतरवला. या ट्रॅक्टरला वेगळी चासी नाही. पुढचा एक्सल, इंजिन, गिअरबॉक्स, मागचा एक्सल हे एकाला एक बोल्टने जोडलेले आणि तोच त्याचा कणा. म्हणून आधी दोन्ही बाजूंचा भार रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांवर घेतला, मगच बोल्ट सैल केले. जॅकच्या भरवशावर कोणी याच्याखाली जाऊ नये.

लायनरच्या खालच्या कडा आणि ब्लॉकचा कंगोरा पेट्रोलने पुसून कोरडे केले. खडूची भुकटी स्पिरिटमध्ये कालवून ब्रशने पातळ लावली. स्पिरिट उडालं की पांढरा, शोषणारा थर राहतो, त्यावर पाण्याचा केसाएवढा ओघळही राखाडी दिसतो.

दाबासाठी या वेळी पंप वापरला नाही. पंपाचा दाब गळतीबरोबर उतरत जातो, आणि मला रात्रभर एकसारखा दाब हवा होता. शेडच्या छताच्या कैचीला पाण्याचा डबा टांगला, इंजिनापासून साडेतीन मीटर उंच. तेवढ्या उंचीचं पाणी ५ पीएसआय दाब देतं. डब्यातून प्लास्टिकची नळी हेडच्या वरच्या होजपर्यंत, खालचा होज लाकडी बूच मारून बंद. रेडिएटर या चाचणीतून बाहेर, म्हणजे आता जे काही गळेल ते इंजिनचंच.

रात्री उशिरापर्यंत काही नाही.

२६ ऑगस्ट

सकाळी तिसऱ्या आणि चौथ्या लायनरच्या मधे, आठाच्या कमरेशी, खडूवर एक ओली रेघ. तिच्या टोकाला थेंब. पुसला, थोड्या वेळाने परत जमला. पुढची जोडी पूर्ण कोरडी, पुशरॉडच्या बाजूने वरून काही आलेलं नाही.

काकांना फोन केला. रात्री पाणी जातं हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि ते तंतोतंत खरं निघालं. मशीन रोज हाताळणाऱ्याचं निरीक्षण आधी ऐकायला हवं. ते कुठल्याही गेजच्या आधीचं असतं.

१ सप्टेंबर

आता हेड काढलं, आणि कशासाठी ते माहीत असताना काढलं.

लायनर उचलण्याआधी डायल गेज लावून त्यांची उंची मोजली. वेट लायनर ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा किंचित वर हवा, या जातीच्या इंजिनात ३ ते ५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे साधारण ०.०८ ते ०.१३ मिलिमीटर. हेड आवळलं की आधी लायनर दाबला जातो, तो दाब खालच्या आठाला मिळतो आणि पाणी अडतं. ही उंची नसेल तर हेड ब्लॉकवर टेकतं आणि लायनर खाली नुसता उभा असतो.

पहिला ४, दुसरा ४, तिसरा २. चौथा एका बाजूला ३ आणि तिसऱ्याकडच्या बाजूला १. म्हणजे मागच्या जोडीला पुरेसा दाब नव्हता, आणि नेमका आठाच्या कमरेशी सगळ्यात कमी. मोजमाप आणि खडूची रेघ एकाच जागेकडे बोट दाखवतात. याहून जास्त समाधान मला या कामात दुसऱ्या कशाने मिळत नाही.

लायनर काढल्यावर कंगोरा पाहिला. तिसऱ्या-चौथ्याच्या मधे गंजाने खाल्लेला खड्डा आणि भोवती खरवडल्याच्या खुणा. जुनं कंपाउंड काढताना कोणीतरी छिन्नीसारखं काही चालवलं असावं.

८ सप्टेंबर

खड्डा म्हणजे नुसता खड्डा आहे की तिथून तडा गेला आहे? तडा असेल तर पुढचं सगळं काम वाया. मालवा मिलजवळ राहणारे एक जुने फिटर आहेत, गिरणीत आयुष्य घालवलेले. त्यांनी रीत सांगितली: “घासलेट लगाओ, पोंछ दो, ऊपर से खड़िया। दरार होगी तो खुद बोलेगी।” तसंच केलं. घासलेट तड्यात शिरतं, वरून पुसलं तरी आत राहतं आणि खडू त्याला बाहेर ओढतो. घणाच्या हलक्या टपल्याही मारून पाहिल्या. एकही रेघ उमटली नाही. ब्लॉक शाबूत.

मग कंगोरा साफ करणं. जुना, टाकून दिलेला लायनर घेऊन त्याच्या खांद्याला व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावली आणि हाताने अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे असा फिरवत राहिलो. दर थोड्या वेळाने पुसून, निळा रंग लावून लायनर कुठे टेकतो ते बघायचं. पूर्ण घेरभर अखंड राखाडी पट्टा दिसेपर्यंत. खड्ड्याची खोली थोडी उरली, पण त्याच्या दोन्ही अंगांना आता सलग टेक आहे.

घासल्याने कंगोरा आणखी उतरला, म्हणजे लायनर आणखी खाली जाणार. तयार सेटमधलं वॉशर इथे पुरणार नाही हे उघड होतं. राजवाड्यामागच्या बर्तन बाजारातून तांब्याचा पत्रा घेतला आणि वेगवेगळ्या जाडीचे तुकडे मायक्रोमीटरने मोजून निवडले.

१५ सप्टेंबर

मागच्या जोडीसाठी आठ कापला. तांबं कापताना, ठोकताना कडक होतं, म्हणून तो लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला. पोलादाच्या उलट, तांबं असं केल्याने मऊ होतं. मऊ तांबं खड्ड्याच्या आकारात दबतं, आपल्याला तेच हवं आहे. कुठलंही कंपाउंड न लावता लायनर ठेवून, दाबून धरून मोजलं: तिसरा ५, चौथा सगळीकडून साडेचार. दाब आल्यावर तांबं थोडं बसेल, तेव्हा वरच्या टोकाचा आकडा योग्यच.

१७ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. शेड बंद. रात्री झांक्या, म्हणजे गिरण्यांच्या चित्ररथांची मिरवणूक, पाहायला गेलो. हुकुमचंद मिल ही कापडगिरणी १९९१ मध्ये बंद पडली, पण तिची झांकी आजही निघते.

२२ सप्टेंबर

लायनर पक्के बसवले. आठाच्या दोन्ही बाजूंना कंपाउंडचा अगदी पातळ हात. बसवल्याबरोबर हेडच्या स्टडवर पाइपाचे तुकडे आणि जाड वॉशर घालून चारही लायनर दाबून ठेवले. हे दाबपट्टे हेड बसेपर्यंत काढायचे नाहीत आणि ते नसताना क्रँक फिरवायचा नाही. पिस्टनच्या रिंगा लायनरला वर ओढतात, तो केसभर उचलला गेला तरी खालची सगळी बैठक मोडते. पिस्टन घालून बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँकवरचं टोक) आवळले.

हेडवर सरळपट्टी ठेवून फीलर गेजने सपाटपणा तपासला, ठीक आहे. नवं गॅस्केट. नट मधून बाहेर या क्रमाने, तीन टप्प्यांत, पुस्तकातल्या टॉर्कपर्यंत.

सम्प अजून लावलेला नाही. पुन्हा खडू, पुन्हा कैचीला डबा.

२३ सप्टेंबर

खडू पांढराच. डबा आणखी एक रात्र तसाच राहू दिला.

२९ सप्टेंबर

दुसऱ्या रात्रीनंतरही कोरडं होतं. सम्प चढवला, नवं तेल, साधं पाणी. इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवलं, थंड होऊ दिलं, हेडचे नट पुन्हा आवळले आणि त्यानंतर व्हॉल्व्हच्या फटी नव्याने लावल्या. नट आवळले की फट बदलते, हे पुष्कळ ठिकाणी विसरतात.

कूलंट आत्ताच का घातलं नाही असं काकांनी विचारलं. इंदूरला पाणी गोठायची भीती नाही. कूलंट हवंय ते गंज आणि खार थांबवण्यासाठी. पण त्यातलं ग्लायकॉल तेलात गेलं तर बेअरिंगांना पाण्यापेक्षा जास्त घातक असतं, आणि ते साध्या पाण्यापेक्षा बारीक फटीतूनही वाट काढतं. म्हणून आधी पाण्यावर खात्री, नंतर कूलंट.

६ ऑक्टोबर

आठवडाभर रोज तापवला, रोज थंड केला. मानेतली खूण हलली नाही. सम्पच्या तळातून काढलेला नमुना बरणीत ठेवला, खाली पाणी नाही. तव्यावर तडतड नाही. पाणी काढून टाकलं, डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेलं कूलंट भरलं.

१२ ऑक्टोबर, दसरा

काका सकाळी स्वतः चालवत घेऊन गेले. झेंडूची माळ बॉनेटवर घालताना ती फॅनमध्ये जाणार नाही एवढं पाहायला सांगितलं. संध्याकाळी फोन आला: पातळी जागेवर.

२७ ऑक्टोबर

शेतावर जाऊन तपासलं. कूलंटची पातळी खुणेवर. तेलाचा नमुना स्वच्छ. डायनॅमोखालचा कोअर प्लग आरशाने पाहिला, कोरडा. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून तेल किंचित पाझरतंय, त्याला कॉर्कचं नवं गॅस्केट लागेल. गव्हाच्या पेरणीनंतर ट्रॅक्टर परत येईल तेव्हा ते बदलायचं, तेल काढायचं आणि सम्पचा प्लग पुन्हा हळूच सैल करून आधी काय येतं ते बरणीत पाहायचं.